मोळी सोडताना : तत्त्वज्ञान, देव आणि नीती यांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं : तत्त्वज्ञानाचा अभ्यास केल्यावर देव, नीती आणि जगण्याचा अर्थ यांविषयीच्या तुमच्या समजुतींचं काय झालं? पत्रं भरपूर आली. देवावरची सर्वांत जास्त, त्याखालोखाल घरातल्या वादांची. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत. उत्तरं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या आमच्या मंडळींची.

प्रश्न : पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान घेतलं. देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद एकामागून एक कोसळताना पाहिले. आता देव नाही असंच वाटतं. पण मग खोटं का बोलू नये, दुसऱ्यासाठी झिजायचं कशाला, यालाही उत्तर उरलेलं नाही. सगळंच एकदम गेलं. असंच होतं का?

उत्तर : पुष्कळांचं होतं, आणि त्याचं कारण तुमच्या ‘सगळंच एकदम’ या शब्दांत आहे. वर्गात खोडले गेले ते देवाच्या अस्तित्वाचे काही युक्तिवाद. ‘खोटं बोलू नये’ हे त्या तासाला कुणी खोडलं नव्हतं. ते आपोआप गेलं, कारण देव, नीती आणि जगण्याचा अर्थ या तिन्ही गोष्टी आपल्याला लहानपणी एका दोरीने बांधलेल्या मोळीसारख्या मिळतात. अभ्यास नीट झाला तर गाठ सुटून काटक्या वेगळ्या होतात. अर्ध्यात राहिला तर दोरी तुटते आणि सगळं पायांवर येतं. तुम्ही सध्या या दुसऱ्या टप्प्यावर आहात.

आधी एक हिशेब चुकतो आहे तो पाहा. युक्तिवाद पडणं वेगळं आणि निष्कर्ष खोटा ठरणं वेगळं. गणितात रीत चुकूनही उत्तर कधीकधी बरोबर येतं. पाच युक्तिवाद पडले म्हणजे ‘या पाच वाटांनी देव सिद्ध होत नाही’ एवढंच हाती लागलं. ‘देव नाही’ असं म्हणायला स्वतंत्र युक्तिवाद लागतो. तो तुमच्याकडे असेलही. पण मग तो कागदावर उतरवा.

आता दुसरी उडी. तुमचं म्हणणं तीन ओळींत मांडलं तर असं दिसतं. एक : नीतीचे नियम देवाने घालून दिले आहेत. दोन : देव नाही. तीन : म्हणून नीतीचे नियम नाहीत. वरवर ठीक वाटतं, पण पहिली ओळ दुसरीशीच भांडते. देव नसेल तर त्याने नियम घालून दिले हेही खोटंच. युक्तिवाद उभा राहायला पहिली ओळ अशी हवी : ‘देवाशिवाय नीतीला दुसरा कुठलाच आधार असू शकत नाही.’ अशी लिहिली की लगेच कळतं, ही ओळ तुमच्या वर्गात कुणी सिद्ध केलेली नाही. ती मोळीतून आली.

या ओळीवरचा सर्वांत जुना घाव प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या छोट्या संवादात आहे. स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला निघालेल्या युथिफ्रोला सॉक्रेटिस विचारतो : देवांना प्रिय आहे म्हणून ते पवित्र, की ते पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय? पहिलं म्हणावं तर देवांची आवड उद्या बदलली की क्रौर्यही पवित्र ठरेल. दुसरं म्हणावं तर पावित्र्याची कसोटी देवांच्या आवडीहून वेगळी कुठेतरी आहे. श्रद्धावान तत्त्वज्ञांनी यावर उत्तर दिलेलं आहे : चांगुलपणा हा देवाच्या आज्ञेत नाही आणि देवाबाहेरही नाही, तो त्याचा स्वभावच आहे. हे उत्तर पटो न पटो, ध्यानात ठेवायचं ते इतकंच की या पेचाने देव असण्या-नसण्याबद्दल काहीच ठरत नाही. तपासली जाते ती गाठ.

थोडे आकडे. २००९ साली तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांची एक मोठी पाहणी झाली. ९३१ जणांनी उत्तरं दिली. बहुतेक विभाग इंग्रजीत काम करणारे होते, ही तिची मर्यादा. सुमारे ७३ टक्के निरीश्वरवादी किंवा तिकडे झुकणारे निघाले. त्याच मंडळींत ५६ टक्के नैतिक वास्तववादी होते, म्हणजे नैतिक विधानं खरी किंवा खोटी असतात आणि ते आपल्या आवडीनिवडीवर ठरत नाही असं मानणारे. दोन्हींची बेरीज १२९ होते. म्हणजे निदान २९ टक्के लोक दोन्ही एकदम मानतात. २०२० साली पाहणी पुन्हा झाली तेव्हा आकडे ६७ आणि ६२ आले. बेरीज तीच. बहुमताने तत्त्वज्ञानातला कोणताही प्रश्न सुटत नाही, पण या दोन समजुती एका डोक्यात नांदू शकतात एवढं यावरून नक्की दिसतं.

करायचं काय? वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात समजूत लिहा, एका वाक्यात. दुसऱ्यात : ती कुठून आली. तिसऱ्यात : ती गेली तर तिच्याबरोबर आणखी काय जाईल. बारा-पंधरा समजुती पुरेत. नमुना देतो. पहिला रकाना : ‘विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडू नये.’ दुसरा : ‘आईने शिकवलं; पुढे मैत्रिणीने माझीच गोष्ट फोडली तेव्हा पटलं.’ तिसरा रकाना भरताना स्वतःला विचारा : देव नाही हे उद्या पक्कं सिद्ध झालं, तर मैत्रिणीने केलं ते ठीक होतं असं मी म्हणेन का? बहुतेकांचा हात इथे थांबतो. म्हणजे ही समजूत देवावर टेकलेली नव्हती, फक्त शेजारी ठेवलेली होती. काही समजुती मात्र खरोखरच टेकलेल्या निघतील, उदाहरणार्थ ‘माझ्यावर झालेल्या अन्यायाचा कुठेतरी हिशेब होणारच’. त्यांचा विचार वेगळा करावा लागेल, आणि तो जड जातो.

दुसऱ्या रकान्यात एक सापळा आहे. ‘हे मला फक्त आईने शिकवलं’ असं दिसलं की ती समजूत खोटी, असा निष्कर्ष पुष्कळ विद्यार्थी काढतात. पाढेही कुणीतरी शिकवलेलेच असतात.

आणि हे सगळं तपासून होईपर्यंत जगायचं कसं? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने हा प्रश्न १६३७ साली घेतला होता. त्याचं म्हणणं असं की राहतं घर पाडून नवं बांधायला काढलं तर मधल्या काळात राहायला दुसरी जागा लागते. म्हणून सगळ्याचा संशय घेण्याआधी त्याने स्वतःपुरती तात्पुरती नीती ठरवून टाकली : देशाचे कायदे आणि रीतिरिवाज पाळायचे, एकदा घेतलेला निर्णय धरसोड न करता तडीस न्यायचा, परिस्थितीपेक्षा आपल्या इच्छांना आवर घालायचा. यादी तुमची वेगळी असेल. पण चार-पाच ओळींची यादी आजच करा आणि पदवी होईपर्यंत तिला हात लावू नका.

प्रश्न : प्रत्येक समाजाची नीती वेगळी असते. मग कुणालाच चूक म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मला आता पटलं आहे. यात काही चुकतंय का?

उत्तर : हो. ‘नीती वेगवेगळ्या आढळतात’ हे निरीक्षण झालं. ‘सगळ्या सारख्याच बरोबर आहेत’ हा त्यावरचा दावा, आणि निरीक्षणातून तो निघत नाही. पृथ्वीच्या आकाराबद्दलही मतं वेगवेगळी होती. शिवाय ‘कुणालाच चूक म्हणू नये’ हा स्वतःच सर्वांना लागू केलेला नैतिक नियम आहे. जो समाज दुसऱ्यांना बेधडक चूक म्हणतो, त्याला तुम्ही काय म्हणणार? नीती समाजागणिक ठरते असं मानणाऱ्या सापेक्षतावादाचे याहून कसलेले प्रकार आहेत आणि ते इतक्या सहज पडत नाहीत. पण ते मानणाऱ्यांनाही ‘म्हणून सहिष्णू राहा’ असं फुकटात म्हणता येत नाही.

प्रश्न : मुलगा तत्त्वज्ञान शिकायला लागल्यापासून घरात एक वाक्य धड बोलता येत नाही. ‘पुरावा काय?’, ‘व्याख्या काय?’, ‘हा तर्कदोष आहे.’ त्याची आई तर आता बोलायचंच टाळते. हे किती दिवस चालतं?

उत्तर : साधारण पहिली दोन वर्षं. त्यामागे अभ्यासक्रमाची रचनाही आहे. पाठ्यपुस्तकात एखादा सिद्धांत चार पानांत मांडतात आणि त्यावरचे आक्षेप सहा पानांत. वर्षभर हेच वाचलं की विद्यार्थ्याला वाटतं, प्रत्येक सिद्धांत मेलेलाच असतो आणि आपलं काम पंचनाम्याचं. उभारणी पुढच्या वर्षांत येते. पुष्कळजण तोवर थांबत नाहीत, हे दुर्दैव.

त्याला न्यायदर्शनातली, म्हणजे तर्क आणि प्रमाणांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातली, जुनी विभागणी दाखवा. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. त्यात शब्दच्छल चालतो. आणि वितंडा म्हणजे स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचा तेवढा खोडत राहणं. आपण बोलताना ‘वितंडवाद’ म्हणतो तो इथूनच आला. मुलगा तर्कदोष काढू लागला की शांतपणे विचारा : ‘तुझा पक्ष कोणता?’ पक्ष नसेल तर चर्चा तिथेच थांबवायला त्याच्याच शास्त्राची परवानगी आहे.

त्याच शास्त्रात वादात हरल्याच्या बावीस खुणा दिल्या आहेत, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यांतलं एक ‘अननुभाषण’ : समोरच्याने तीनदा सांगूनही ज्याला त्याचं म्हणणं परत मांडता येत नाही तो हरला. घरात एवढा एक नियम लावून पाहा. आक्षेप घ्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो ‘हो, हेच’ म्हणाला तरच पुढे जायचं. पहिल्या आठवड्यात फार हळू चालतं, चिडचिड होते. पण निम्मे वाद या पायरीवरच मिटतात, कारण भांडण भलत्याच विधानाशी चाललेलं असतं.

नियम तुम्हालाही लागू, हे ओघाने आलंच. आणखी एक : त्याची आई प्रार्थना करते, तेव्हा ती प्रत्येक वेळी जगाबद्दल दावा करत असते असं नाही. आधार मागणं, आभार मानणं, आठवण काढणं हे दावे नव्हेत. त्यांना पुरावा मागणं म्हणजे ‘बरं वाटू दे’ या शुभेच्छेला पुरावा मागण्यासारखं आहे. पण तीच आई ‘प्रार्थनेने हा आजार बरा होतो, औषध नको’ म्हणाली तर तो दावा आहे, आणि तिथे मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा फरक शिकला की त्याची जीभ आपोआप मऊ होईल.

प्रश्न : श्रद्धा ठेवून तत्त्वज्ञानाचा प्रामाणिक अभ्यास करता येतो का? सगळे म्हणतात, शिकलास की नास्तिक होशील.

उत्तर : मघाच्या २००९ सालच्या पाहणीत धर्माचं तत्त्वज्ञान हा ज्यांचा खास विषय, त्यांच्यात सुमारे ७२ टक्के ईश्वरवादी होते. म्हणजे विषय जवळून पाहणाऱ्यांत चित्र नेमकं उलटं! यावरून ‘खोल अभ्यासाने श्रद्धा वाढते’ असं मात्र म्हणू नका. श्रद्धा असलेले लोकच हा विषय निवडतात, हे त्याचं साधं कारण असू शकतं. तीच शंका ७३ टक्क्यांबद्दलही घ्यावी. शिकल्यामुळे बदलले, की आधीच तसे होते म्हणून या विषयाकडे वळले?

‘नास्तिक’ या शब्दाकडेही जरा पाहा. जुन्या दर्शनांच्या वर्गवारीत वेद प्रमाण मानणारा तो आस्तिक. कुमारिलासारखे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे विद्वान, वेदांचे कट्टर रक्षक होते आणि जगाचा कर्ता ईश्वर मात्र त्यांनी युक्तिवादाने नाकारला. ते आस्तिकच. दुसऱ्या बाजूला न्यायदर्शनातल्या उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिला, आणि त्यात विरोधकांचे आक्षेप एकेक करून अंगावर घेतले. श्रद्धा आणि तर्क यांच्या जोड्या आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

श्रद्धेची खरी परीक्षा दुःखाच्या प्रश्नात होते, तेव्हा तो थोडा जवळून पाहू. १९५५ साली जे. एल. मॅकी यांनी मांडलं की देव सर्वशक्तिमान आहे, तो पूर्ण चांगला आहे आणि जगात वाईट आहे, ही तीन विधानं एकत्र नांदूच शकत नाहीत. हा दावा फार मोठा होता, म्हणूनच तो अडचणीत आला. अॅल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ साली उत्तर दिलं ते असं : माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर त्याच्या वाईट निवडीची शक्यता देवालाही पुसता येत नसेल. असं ‘असू शकतं’ एवढं दाखवलं तरी विसंगतीचा आरोप फिटतो. पुष्कळ विरोधकांनीही हे मानलं.

मग १९७९ साली विल्यम रो यांनी दावा लहान केला. दूरच्या रानात वीज पडून वणवा लागतो. हरणाचं एक पाडस त्यात होरपळतं, काही दिवस तडफडत पडून राहतं आणि मरतं. कुणी पाहत नाही, कुणी काही शिकत नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचा इथे संबंधच नाही. रो म्हणतात, हे टाळल्याने कोणतं मोठं भलं बुडालं असतं? दिसत तर नाही. म्हणून सर्वशक्तिमान आणि दयाळू देव नसावा, असं मानायला सबळ कारण आहे. ‘नाहीच’ असं ते म्हणत नाहीत, ‘नसावा’ म्हणतात. धार त्या एका शब्दात आहे.

उत्तरं दोन वाटांनी येतात. पहिलं : आपल्याला कारण दिसत नाही, म्हणून कारण नाही असं होत नाही. बरोबर आहे, पण हे मान्य केलं की किंमत मोजावी लागते. कोणत्या दुःखामागे कोणतं भलं दडलं आहे हे आपल्याला अजिबात कळत नसेल, तर समोरचं होरपळणारं पाडस वाचवावं की नाही हे तरी कसं कळणार? दुसरं उत्तर वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतलं (२.१.३४) : देवावर पक्षपाताचा किंवा निर्दयतेचा दोष येत नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. इथेही किंमत आहे. पाडसाचं कर्म कोणतं, हे विचारलं की मागच्या जन्मात जावं लागतं, तिथून आणखी मागे; म्हणून पुढचंच सूत्र संसार अनादी असल्याचं सांगतं. आणि हाच विचार निष्काळजीपणे वापरला की दुःखी माणसालाच दोष देण्याकडे झुकतो.

श्रद्धा ठेवून अभ्यास करायचा तर असा करा : आपल्या बाजूचं उत्तर लिहिलं की त्याखाली त्याची किंमतही लिहा. किंमत मोजूनही उत्तर घ्यावंसं वाटलं तर घ्या. किंमत न वाचता सही करणं, हे श्रद्धावान आणि अश्रद्ध दोघांतही सारखंच आढळतं.

प्रश्न : निवृत्त झालो आणि वाचायला लागलो. आता सारखं वाटतं की काही अब्ज वर्षांनी सूर्यही राहणार नाही, मग केलेल्या कशालाच अर्थ काय? झोप उडाली आहे.

उत्तर : झोपेचं शेवटी बोलू. आधी युक्तिवाद. टॉमस नेगेल यांनी १९७१ सालच्या एका लेखात दाखवलं की ‘दहा लाख वर्षांनी आज केलेल्या कशालाच महत्त्व नसेल’ हे खरं धरलं, तर त्याच न्यायाने ‘दहा लाख वर्षांनी महत्त्व नसेल’ या गोष्टीलाही आज महत्त्व नाही. शिवाय काळ लांबवून काय होणार? सत्तर वर्षांचं निरर्थक आयुष्य अनंतकाळ चाललं तर ते अनंतकाळ निरर्थक होईल. तेव्हा त्रास सूर्याच्या विझण्याचा नसावा.

‘अर्थ’ या एका शब्दात तीन प्रश्न अडकलेले असतात. विश्वाला काही हेतू आहे का? माझं आयुष्य मोलाचं होतं का? उद्या सकाळी उठून मी जे करणार ते करण्याजोगं आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी उरलेल्या दोन्हींचं ‘हो’ येऊ शकतं. सुझन वुल्फ यांनी तिसऱ्या प्रश्नासाठी चांगली कसोटी दिली आहे : ज्याची मनापासून ओढ आहे आणि जे आपल्या आवडीपलीकडेही मोलाचं आहे, अशा कामात गुंतलेलं आयुष्य अर्थपूर्ण. नुसती ओढ पुरत नाही, नाहीतर दिवसभर दगड मोजत बसणंही चालेल. नुसतं मोलही पुरत नाही. पुष्कळ लोक मोलाची कामं करता करता आतून वाळून जातात.

याचा नमुना जॉन स्टुअर्ट मिल यांच्या आत्मचरित्रात आहे. १८२६ साली, विशीत, त्यांनी स्वतःला विचारलं : ज्या सुधारणांसाठी मी झटतो आहे त्या सगळ्या आत्ता या क्षणी झाल्या, तर मला आनंद होईल का? आतून उत्तर आलं, नाही. कित्येक महिने काळोखात गेले. विशेष म्हणजे त्यांचं तत्त्वज्ञान कुणी खोडलं नव्हतं. पुढे बाहेर काढलं तेही एखाद्या नव्या युक्तिवादाने नाही. त्यात वर्डस्वर्थच्या कवितांचा मोठा हात होता.

आता झोप. एक साधी कसोटी : वरचा नेगेल यांचा मुद्दा पटला आणि तरीही उदासी तसूभर हलली नाही, तर ती त्या युक्तिवादातून आलेली नाही. झोप, भूक आणि नेहमीच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला असेल तर डॉक्टरांना भेटा, आणि मनात मरणाचे विचार येत असतील तर आजच भेटा. पुस्तक तोवर बाजूला ठेवलं तरी चालतं.

प्रश्न : नीतिशास्त्र शिकल्याने माणूस चांगला वागायला लागतो का?

उत्तर : बोलायला नक्की लागतो. वागण्याचा पुरावा लाजवणारा आहे. एरिक श्विट्झगेबेल आणि जोशुआ रस्ट यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नीतिशास्त्राच्या अध्यापकांपैकी ६० टक्क्यांनी सस्तन प्राण्यांचं मांस नेहमी खाणं वाईट असं म्हटलं. तत्त्वज्ञानाबाहेरच्या अध्यापकांत हे प्रमाण १९ टक्के होतं. प्रत्यक्ष खाण्यात मात्र म्हणावा असा फरक सापडला नाही. श्विट्झगेबेल यांच्याच आधीच्या एका पाहणीत ग्रंथालयांतून गायब झालेल्या पुस्तकांत नीतिशास्त्राची पुस्तकं इतर तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांपेक्षा जास्त निघाली होती!

पण २०२० सालचा एक प्रयोग उलट दिशेला जातो. १३३२ विद्यार्थी. काहींना मांसाहाराच्या नीतीवरचा लेख वाचायला दिला आणि त्यावर चर्चा घेतली, उरलेल्यांशी दानधर्मावर. मग कॅम्पसवरच्या त्यांच्या जेवणाच्या खरेदीच्या नोंदी पाहिल्या. पहिल्या गटात मांसाच्या पदार्थांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ४५ वर आलं, दुसऱ्यात ५२ च राहिलं.

आमच्या मते फरक पडतो तो प्रश्नाच्या आकाराने. प्रयोगात प्रश्न एक होता, ठोस होता आणि पुढच्याच जेवणाला लागू होता. ‘न्याय म्हणजे काय?’ यावर वर्षभर वाचल्याने पुढच्या जेवणाला काही होत नाही. मुरलेल्या अध्यापकाकडे तर आणखी एक हत्यार असतं : स्वतःसाठी अपवाद शोधून काढायची तयारी. तेव्हा एखादा नैतिक युक्तिवाद पटला, तर त्याच दिवशी त्याखाली कृती, प्रमाण आणि तारीख लिहा. ‘गरजूंना मदत करावी’ असं नको. ‘उत्पन्नाच्या शंभर भागांतला एक, दर महिन्याच्या पाच तारखेला’ असं हवं. तीन महिन्यांनी पाहा. पाळलं गेलं नसेल तर दोनच शक्यता, युक्तिवाद पटलाच नव्हता किंवा प्रमाण झेपणारं नव्हतं. दुसरं असेल तर ते निम्मं करा.

प्रश्न : शिक्षकाशिवाय, घरच्या घरी सुरुवात कशी करावी?

उत्तर : रोज अर्धा तास, चार पानं, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचा. दुसऱ्यांदा ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’, ‘समजा’ या शब्दांभोवती गोल करा. युक्तिवादाचे सांधे तिथेच असतात. तिसऱ्यांदा पुस्तक मिटून सगळा युक्तिवाद पाच ते सात ओळींत लिहा. ही पायरी टाळणाऱ्यांच्या हाती शेवटी नुसती अवतरणं उरतात. मग अर्ध्या पानात सर्वांत जबर आक्षेप, आणि दुसऱ्या दिवशी त्याला लेखकाच्या बाजूने उत्तर. मत त्याच आठवड्यात बनवायचं नाही.

सुरुवातीला ‘युथिफ्रो’ घ्या, एका बैठकीत वाचून होतो. मग देकार्तची पहिली दोन चिंतनं, मिल यांच्या उपयुक्ततावादाचं दुसरं प्रकरण. आपल्याकडचं हवं असेल तर चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ भाषांतरातून वाचा. लेखक अद्वैती, पण आरंभ चार्वाकांपासून. ज्यांचं खंडन करायचं त्यांचं म्हणणं आधी त्यांच्याच बाजूने उभं करायची ही पूर्वपक्षाची रीत एकदा अंगवळणी पडली की निम्मा अभ्यास झाला.

नीत्शे पहिल्या वर्षी नको. ‘देव मेला’ हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण १८८२ सालच्या त्या उताऱ्यात ते एका वेड्याच्या तोंडी आहे, तो बाजारात ओरडतो आहे, आणि त्याला हसणाऱ्या घोळक्यात देव न मानणारे पुष्कळ आहेत. तो त्यांनाच सांगतो आहे की तुम्ही काय करून बसलात ते तुम्हाला कळलेलं नाही. संदर्भ सोडून वाचलं की नेमका उलटा अर्थ लागतो.

प्रश्न : मरणाची भीती जाते का?

उत्तर : एक जाते, बाकीच्या राहतात. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचा युक्तिवाद असा की आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो. मेल्यावर आपल्याला काहीतरी सोसावं लागेल, ही भीती त्याने बरीच कमी होते. जगायचं राहून जाईल, ही भीती त्याने हलत नाही. मरण वाईट ते हिरावून घेतं म्हणून, असं नेगेल म्हणतात, आणि तिथे एपिक्युरसकडे पुरेसं उत्तर नाही. आपल्यामागे घरच्यांचं कसं होणार ही तिसरी भीती. तिच्यावर मृत्युपत्र करून ठेवणं हा कोणत्याही युक्तिवादापेक्षा चांगला इलाज आहे.